बहिष्काराचा डबा

गरम चपात्यांवर झाकण घट्ट बसवलं, की झाकणाच्या आतल्या बाजूला आधी नुसतं धुकं धरतं. मग त्या धुक्याचे बारीक थेंब होतात. बारीक थेंब शेजारच्या थेंबांना ओढून घेत मोठे होतात आणि स्वतःचा भार पेलेनासा झाला की खाली ओघळतात, नेमके वरच्या चपातीवर. ती चपाती मग गिचगिचीत होते. उपाय सोपा आहे: चपात्या थोड्या निवू द्यायच्या आणि मगच झाकायच्या. कस्तुराला तो कुणी शिकवायला नको होता. निवू द्यायला लागणारा वेळच काय तो तिच्याकडे नव्हता.

“बस जाईल ना माझी,” समाधान दारात बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला. “काय करायलीस?”

“चपात्यांना वारा घालायलेय. बहिष्कार तुमचा, अन् पाळ्या दोन माझ्या.”

समाधानच्या खिशावर काळी फीत टाचलेली होती. ती कस्तुरानंच टाचून दिली होती, कारण त्यानं स्वतः टाचली तेव्हा तो शोकसभेला निघाल्यासारखा दिसत होता. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत तो प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या यंत्रांवर होता. कायम कामगार, त्यातून युनियनचा कमिटी मेंबर. त्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कस्तुरा स्वयंपाक करायची, पण ती कंपनीची नव्हती, ठेकेदाराची होती. चिखलीच्या एकाच खोलीतून दोघं निघत, एकाच गेटमधून आत जात. तो बसमधून, ती ठेकेदाराच्या टेम्पोतून.

या पट्ट्यात संप काही एकदम होत नाही. त्याची रीत ठरलेली आहे. आधी काळ्या फिती, मग कॅन्टीनवर बहिष्कार, मग गेटवर सभा, आणि एवढ्यानं भागलं नाही तर संप. हळदीआधी वरात निघत नाही, तसंच ते. यंदाचा संप मात्र एकट्या कंपनीचा नव्हता. नव्या कामगार कायद्यांविरुद्ध देशभरातल्या संघटनांनी मिळून एक दिवसाचा संप पुकारला होता. बँकवाले, वीजवाले, खाणीतले, अंगणवाडीच्या बाया, सगळे येत्या शुक्रवारी काम थांबवणार होते. म्हणून सोमवारपासून कंपनीत बहिष्कार सुरू झाला, आणि सोमवारपासून कस्तुरा अंधारातच उठायला लागली.

“मला एक सांगा,” डबा पिशवीत घालत ती म्हणाली, “तिकडं माझ्या हातची डाळ सोडायची अन् इकडं माझ्याच हातची भाजी खायची. यात कंपनीचं काय गेलं?”

“डाळीत ठेकेदाराचं पाणी असतं. भाजी निव्वळ घरची आहे.”

“पाणीसुद्धा मीच घालते त्या डाळीत.”

“म्हणून तर जीव तुटतो,” समाधान म्हणाला आणि डबा घेऊन जिना उतरला. उतरताना हसत होता. कस्तुरालाही हसू आलं, पण ते तिनं तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत दाबून ठेवलं.

कॅन्टीनमध्ये दुपारी डाळीवर साय धरली होती. एवढं मोठं पातेलं, आणि वाढायचा डाव जेमतेम चार बोटं बुडाला होता. स्टाफचे साहेब लोक आणि थोडी कंत्राटी पोरं जेवून गेली. बाकीची माणसं बाहेर झाडाखाली डबे उघडून बसली होती. खिडकीतून त्यांच्या पाठी दिसत होत्या.

“ह्यो बहिष्कार हाय का उपास?” अंबुबाई म्हणाली. ती त्या स्वयंपाकघरातली सगळ्यात जुनी बाई, मूळची चिखलीची. तिचा नवरा पिंपरीच्या कारखान्यात होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. “मानसं रुसली कंपनीवर अन् तोंड फिरवलं आपल्याकडनं.”

करिष्मा सगळ्यांत नवी, लेकराला शेजारणीकडे ठेवून यायची. पोळपाटावरचं पीठ तिनं झाडलं होतं, तरी पुन्हा झाडत होती. कमी करायची वेळ आली की नवी बाई आधी जाते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात ज्योतीराम आला. ठेकेदाराचा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. एका कानाला शेठचा फोन आणि दुसऱ्या कानाला कंपनीचा, यात मधलं डोकं कुणाचं हे त्यालाही कळेनासं झालेलं.

“ताई, शेठ म्हणतात, ताटं कमी तर दोन बायका कमी. मी म्हटलं, शुक्रवार जाऊ द्या.” त्यानं आवाज खाली आणला. “आता चांगलं ऐका. संपाच्या दिवशी कंपनी बंद ठेवायची नाही असं ठरलंय. कंत्राटी पोरं आणि ट्रेनी आदल्या संध्याकाळपासून आतच ठेवणार. ट्रेनिंग हॉलमध्ये गाद्या येऊन पडल्यात. त्यांचं चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण आपल्याकडं. तुम्ही सगळ्या गुरुवारी संध्याकाळी आतच थांबायचं, शनिवारी सकाळी घरी. अन् तुमचं नाव मी सुपरवायझरसाठी दिलंय. लाटणं सुटेल हातातलं.”

कस्तुराचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यापासून दुखत होता. हात डोक्याच्या वर गेला की आतून काहीतरी घासायचं. सुपरवायझर व्हावं हे तिला दोन वर्षं वाटत होतं आणि ते ज्योतीरामला ठाऊक होतं.

“काय सांगू शेठला?”

“बघू,” कस्तुरा म्हणाली.

तिचं ‘बघू’ सगळ्यांच्या ओळखीचं होतं. लग्न ठरतानासुद्धा तिनं समाधानला तीन आठवडे बघू म्हणून टांगून ठेवलं होतं. तो अजून ते चारचौघांत सांगायचा. पण त्या दिवशी ‘बघू’ म्हटल्यावर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती जे म्हणेल ते त्या करणार होत्या, आणि नेमकं तेच तिला नको होतं. स्वतःची नोकरी पणाला लावणं वेगळं. करिष्माची कशी लावायची?

संध्याकाळी जेवताना तिनं समाधानला विचारलं, “तुमच्या मागण्या सांगा बरं एकदा.”

समाधान खूश झाला. बायकोनं युनियनचा विषय आपणहून काढावा, असं सणावारी घडायचं. त्यानं बोटांवर मोजत सगळ्या सांगितल्या. कायदे मागे घ्या, कंत्राटी पद्धत बंद करा, आणि पुढच्याही.

“यात कॅन्टीन कुठंय?”

समाधानचं बोट हवेतच राहिलं. “कॅन्टीनचं कसंय, तो ठेका वेगळ्या उद्योगात येतो. आमची संघटना इंजिनिअरिंगची.”

“अस्सं. अन् तुमचं पोट कोणत्या उद्योगात येतं?”

“बोलण्यात तुझ्यापुढं टिकायचं म्हणजे...” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि गंभीरपणे म्हणाला, “हे बघ कस्तुरा. एकटी आमची कंपनी बंद पडली, तर गाड्या बनवणारे शेजारच्या कंपनीतून माल उचलतात. आम्ही बसतो गेटबाहेर, अन् दुनिया चालू. म्हणून या खेपेला सगळ्यांनी मिळून थांबायचं. एकाची जागा भरून काढायला दुसरा उरायलाच नको. संपाचा अर्थच तो आहे. रोज जे आपोआप चालल्यासारखं वाटतं, ते कुणाच्या हातानं चालतं ते एक दिवस दाखवून द्यायचं.”

“पटलं.” कस्तुरानं त्याला आमटी वाढली. “मग तुमची जागा भरून काढायला जी पोरं आत ठेवणार आहेत, ती जेवणार कुणाच्या हातचं?”

आणि तिनं गाद्यांचं सांगितलं, शेठ दोन बायका कमी करायचं म्हणतोय तेही.

समाधान जेवायचा थांबला. युनियनला यातलं काहीच माहीत नव्हतं. मारुतरावांना, म्हणजे युनियनच्या अध्यक्षांना, वाटत होतं की कंत्राटी पोरांना सकाळी गेटवर अडवून समजावता येईल. ती आदल्या दिवशीपासून आतच असतील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

“म्हणजे तुम्ही बायका थांबलात, तर...” तो म्हणाला. “अगं, मग सगळंच थांबतं! येतेस ना संपात?”

“मागच्या कराराला गेटवर पेढे वाटले तुम्ही,” कस्तुरा शांतपणे म्हणाली. “आम्ही आतून शिरा करून पाठवला. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. करारात आमच्यातली एक तरी होती का? तुम्हाला काढायचं तर नोटीस आहे, चौकशी आहे, युनियन आहे. करिष्माला काढायला ज्योतीरामचा एक फोन पुरतो. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू, चल म्हणून?”

समाधान उठला आणि दोघांची ताटं घेऊन मोरीत घासायला बसला. ताटावर तो राख नाही तर राग घासतोय असं तिला वाटलं. राग तिच्यावर नव्हता.

बुधवारी पाळी सुटताना गेटवर सभा झाली. कस्तुरा आणि बाकीच्या बायका बाहेर पडल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला टेम्पोपर्यंत पोचायला वाट नव्हती, इतकी गर्दी. मारुतरावांचं भाषण चालू होतं. मग त्यांनी माईक समाधानकडे दिला. समाधान घरात फर्डा बोलायचा. माईक हातात आला की त्याची मान आखडायची.

“मी समाधान,” तो म्हणाला. “प्रेस शॉप.”

“ओळखतो रे भावा!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“आपण बहिष्कार चुकीच्या दाराला घातला,” समाधान म्हणाला. “कंपनीनं जेवणाचा ठेका दिलाय. आपण जेवलो नाही तर कंपनीचं काही जात नाही. त्या बायकांच्या नोकऱ्या जातात. दोघींच्या जायच्या बेतात आहेत.”

“वहिनींनी पाठवलं काय राव?” दुसरा ओरडला आणि मोठा हशा पिकला.

“पाठवलं,” समाधान म्हणाला. “अन् बरं केलं पाठवलं. तुमच्या घरात पहाटे उठून डबा कोण करतंय, जरा आठवून बघा. बहिष्कार आपला, अन् पाळ्या दोन त्यांच्या.”

हशा ओसरला. कस्तुरानं पदर तोंडाशी नेला. स्वतःचं वाक्य असं कर्ण्यातून ऐकायची तिला सवय नव्हती.

“उद्यापासून कॅन्टीनमध्ये जेवायचं. आणि संपापायी त्यांतल्या एका जरी बाईला घरी बसवलं, तर ती परत कामावर येईपर्यंत आपण मशिनला हात लावायचा नाही. एवढंच.”

मारुतरावांनी माईक परत घेतला. “समाधानची भावना योग्य आहे. पण हा विषय कमिटीत झालेला नाही. ठेकेदाराचे कामगार हा तांत्रिक प्रश्न—”

“अवो मारुतराव!” टेम्पोच्या बाजूनं आवाज आला. अंबुबाई. तिला माईक लागत नव्हता. “पिंपरीच्या संपात आमच्या मालकासंगं तुमी बी बसला हुता गेटवर. आमी समद्या बाया भाकऱ्या थापून आनायचो. तवा इचारलं न्हाई कुनी, भाकर कमिटीत झाली का म्हनून!”

मारुतरावांनी कपाळावर हात धरून उन्हातून बघितलं. “वहिनी? तुम्ही इथं?”

“चार वरसं तुमाला डाळ वाढतीया. वर मान करून बघाल तवा ना!”

यावर जो हशा उसळला त्यात मारुतरावही सापडले. त्यांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. मागची माणसं दिसेनाशी झाली इतके.

“ठरलं,” मारुतराव म्हणाले. “पण वहिनी, तुम्ही बायका संपात आहात का?”

“मला काय इचारता? हिला इचारा.” अंबुबाईनं कस्तुराला पुढं ढकललं.

सगळी गर्दी वळली. समाधान तर टाचा उंचावून बघत होता.

“बघू,” कस्तुरा म्हणाली आणि टेम्पोत चढून बसली.

परतताना समाधान बसमध्ये काय काय ऐकून आला ते त्यानं तिला सांगितलं नाही. “हात वर करायला काय लागतं हो?” घरी आल्यावर तीच आपणहून म्हणाली. “बसमध्ये दांडा धरायलाही वर करतात.” समाधान म्हणाला, “बरोबर आहे.” आणि त्या संध्याकाळी त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, याचं तिला फार बरं वाटलं.

गुरुवारी ठेकेदारानं सामान बहिष्काराच्या हिशोबानंच दिलं. सभेत काय ठरलं ते त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि जेवणाची सुट्टी झाली तेव्हा अख्खी पहिली पाळी कॅन्टीनच्या दारात उभी राहिली.

रांग हॉलमधून बाहेर, पायऱ्यांवरून खाली, सायकल स्टँडपर्यंत गेली. डाळ बघता बघता संपली. कस्तुरानं दुसरी चढवली, ज्योतीरामला गोदामातून पीठ काढायला पिटाळलं आणि चौघींना लाटायला बसवलं. आवाज, वाफ, घाम, आणि रांगेतून येणारी टोमणेबाजी. “अंबुमावशी, आज मान वर करूनच वाढून घेतोय!” “वहिनी, समाधानला शेवटी वाढा, त्यानंच आग लावलीय!” समाधान खरंच शेवटी उभा होता.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. अर्धी माणसं अजून उपाशी होती. जेवलेले उठले, पण गेले नाहीत. हात धुऊन भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटचा माणूस जेवेपर्यंत कुणी जाणार नव्हतं. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिल्यानं केलं म्हणून दुसऱ्यानं केलं.

चहाच्या मोठ्या पातेल्यात कस्तुरानं पाणी ओतून ठेवलं होतं. रोज हे पाणी भोंग्यानंतरच ओतलं जाई आणि त्यावर गोल वलयं उठत. प्रेस शॉप भिंतीपलीकडेच होतं. प्रेसचा दणका बसला की जमिनीतून तो ओट्यापर्यंत यायचा आणि पाणी थरथरायचं. इतक्या वर्षांत पाणी ओतल्यावर ते स्थिर झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. आज चपात्या मोजून घेता घेता तिची नजर तिकडे गेली. पाण्यात छताचा पत्रा दिसत होता. पत्र्यावरचे खिळेसुद्धा दिसत होते.

प्रेस शॉपचा फोरमन घाईघाईनं आत आला. मॅनेजरकडे गेला नाही, मारुतरावांकडे गेला नाही. सरळ ओट्याशी आला.

“कस्तुराताई, अजून किती वेळ लागेल हो?”

“शेवटचा माणूस जेवला की,” ती म्हणाली.

फोरमननं मान हलवली आणि तोही भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “मलाही वाढा मग थोडं.”

सगळं आवरेपर्यंत पाळी सुटायची वेळ झाली. बायका पाय पसरून बसल्या. अंगणात एक टेम्पो येऊन लागला होता. आतल्या मुक्कामाचं सामान. कांद्याची पोती, तेलाचे डबे.

“करिष्मा,” कस्तुरा म्हणाली, “मी म्हणेन तसं नाही. तू सांग. तुला काय वाटतं?”

“काढतील का ताई आपल्याला?”

“काढू शकतात.”

“मग ही माणसं थांबतील आपल्यासाठी?”

“काल हात वर केले. आज रांगेत थांबले. पुढचं मी खात्रीनं सांगू शकत नाही.”

करिष्मानं ओल्या बोटांनी कपाळ पुसलं. “माझा भाऊ ट्रेनी आहे. त्यालाही आत थांबायला सांगितलंय. नाही म्हणायची सोय नाही त्या पोरांना. तो म्हणत होता, जेवणच नसेल तर आम्हाला सोडावंच लागेल. तायडे, तुम्ही काहीतरी करा म्हणाला.” तिनं पदर खोचला. “भीती तर वाटतेच. पण मी येते.”

“म्या तर कवाचीच आलीया,” अंबुबाई म्हणाली. “तुमचंच ठरंना.”

बाकीच्या दोघींनी माना हलवल्या. कस्तुरानं प्रत्येकीचं तोंड नीट पाहून घेतलं. मानेवर तिचा भरवसा नव्हता. डोळे काय म्हणतात ते ती बघत होती.

समाधान पाळी संपवून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आला होता. तिची पिशवी त्यानं खुंटीवरून काढून खांद्याला अडकवली होती.

ज्योतीराम आत आला. कानावरचा फोन त्यानं छातीशी दाबून धरला होता. “ताई, शेठ लाइनवर आहेत. सामान उतरवून घेऊ ना? आणि आता बघू म्हणू नका, हात जोडतो.”

कस्तुरा उठली. पदराच्या टोकाला हात पुसले. खांदा दुखत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला.

“ज्योतीराम भाऊ, सामान उतरवू नका,” ती म्हणाली. “आज आम्ही थांबत नाही, आणि उद्या येत नाही. आम्ही सगळ्याजणी संपात आहोत.”